वजनमापवाल्याचा पिक्चर

आम्ही गुलबर्ग्याला राहत होतो तेव्हा एका सुट्टीत मुलांनी भाड्यानं व्हिडिओ आणला. मी एव्हाना हेडमास्तर झालो होतो, आणि हेडमास्तराला शोभेल इतका खडूसही. तीन कॅसेटी होत्या. त्यातली एक इंग्रजी.

"पप्पा, कॉमेडी हाय," धाकटा म्हणाला. "इंग्रज लोकांनी काउबॉयची टिंगल केल्यात म्हणे. तुमी बसा आन् आमाला सांगा."

पडद्यावर धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं, आणि घोडागाडीतून उतरणारा एक लुकडा साहेब. त्यानं हातातली पेटी उघडली. आत पितळेची वजनं ओळीनं बसवलेली होती. मी ओळखलं. जवळजवळ वीस वर्षांनी बघत होतो, तरी दुसऱ्या ओळीतली एक खाच रिकामी आहे हेसुद्धा मला वजन दिसायच्या आधीच आठवलं.

निम्म्यापर्यंत मी मुलांना सांगत बसलो. मग भाजी आणतो म्हणून उठलो. दाराबाहेर चप्पल घालताना आतून मुलांचा हसण्याचा कल्ला ऐकू आला. ते कशाला हसत आहेत हे मला न बघता कळत होतं.

मी मेथीची जुडी घेऊन आलो तेव्हा बायको म्हणाली, "मेथी कामून आणलात? सकाळी तर आणल्याती की तुमीच." मी जुडी तिच्या हातात दिली. त्या पिक्चरबद्दल मी घरात कधी कोणाला सांगितलेलं नाही. संकोचानं नाही, सांगायला काही वाटतच नव्हतं म्हणून. आता लिहितो आहे तेही तसंच, हात चालतो आहे म्हणून.

तेव्हा म्हैसूर राज्य होतं, कर्नाटक नाव अजून पडायचं होतं. मी आळंदच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि भाड्याच्या खोलीत राहायचो. आमचं गाव खजुरी, बसनं तासाभरावर. गावी अप्पा म्हणजे वडील, अव्वा म्हणजे आई, आणि माझा धाकटा भाऊ. शेत अप्पा आणि भाऊ बघायचे, मी फक्त सणाला जाऊन हुरडा खायचो. घरात आम्ही मराठी बोलायचो, मठात आणि कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. इंग्रजी मात्र आमच्या घराण्यात मला एकट्याला यायची, आणि त्याचा मला माज होता. होता म्हणजे चांगलाच होता.

आळंदला एक पत्र्याची टॉकीज होती. तिथं रविवारी सकाळी इंग्रजी खेळ लागायचा. लोक यायचे, घोडे आणि मारामारी बघायचे, आणि माणसं बोलायला लागली की बिड्या ओढायला बाहेर जायचे. मालकांना ते बघवेना. एके दिवशी ते माझ्या खोलीवर आले. "मास्टरसाब, लोगां आतैं, बैठतैं, कुछ समझतै नै," ते म्हणाले. "तुमे बोलो ना."

म्हणून मी बोलायला लागलो. पडद्याच्या कडेला एक स्टूल, हातात माईक. पडद्यावरचे बोलले की मी ते मराठीत सांगायचो, मध्ये कन्नड घालायचो, आणि थट्टा असली की दखनीत, कारण थट्टा दखनीतच चांगली होते. बायकांचा आवाज बारीक, खलनायकाचा घोगरा. शनिवारी दुपारी मशीनवाला मला एकट्याला तो पिक्चर आधी चालवून दाखवायचा. मी मांडीवर शाळेची वही घेऊन टिपणं काढायचो. शाळेतल्या धड्याची मी कधी एवढी तयारी केली नाही.

माझा भाऊ दर रविवारी पहिल्या बसनं यायचा. तिसऱ्या बाकावर, खांबाला टेकून बसायचा. आणि तो पहिला हसायचा. ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण माझं सगळं त्यावर चालायचं. आमच्याकडचे लोक पडद्यावरच्या साहेबाला एकदम हसत नाहीत. साहेब पडला तर तो हसण्याचा पिक्चर आहे की दुःखाचा, याचा अंदाज घेत बसतात. कोणीतरी आधी हसावं लागतं. भावाचं हसू गोणीची शिवण उसवून जोंधळा सांडावा तसं सांडायचं, मग सगळी टॉकीज हसायची, आणि मला वाटायचं मी हसवलं.

सुगीच्या दिवसांत त्याला येता यायचं नाही. मग मी गावी गेलो की खळ्यावर बसवून तो माझ्याकडून अख्खा पिक्चर वदवून घ्यायचा, आवाजांसकट. "अण्णा, मध्येच सोडू नगंस," म्हणायचा. शेवट ऐकल्याशिवाय उठू द्यायचा नाही. अप्पा पलीकडे दोर वळत बसलेले असायचे. त्यांनी आयुष्यात पिक्चर बघितला नव्हता. त्यांचा विरोध नव्हता, पण आपलं काम सोडून दुसऱ्याचं काम बघत बसणं त्यांना समजायचं नाही. ते त्याला खेळ म्हणायचे.

एका शनिवारी आमचा शेजारी बाजाराला आळंदला आला. तो शाळेच्या फाटकाशी थांबला होता.

"धाकट्याचा ताप उतरंना झालाय," तो म्हणाला. "अप्पानं यायला सांगितलाय तुमाला."

"उद्या खेळ आहे," मी म्हणालो. "खेळ झाला की निघतो म्हणून सांगा."

मुदतीचा ताप होता, आठ दिवस झाले होते, गावचा डॉक्टर गोळ्या देत होता. मला वाटलं, उतरेल. शनिवारी संध्याकाळी खजुरीला बस होती. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी बस नव्हती असं सांगितलं.

रविवारचा खेळ मस्त रंगला. तिसऱ्या बाकावर भाऊ नव्हता तरी लोक हसले, आणि मला त्याचा अभिमान वाटला. खोलीवर येऊन जेवलो. तीनच्या बसनं निघालो. खजुरीच्या स्टँडवर उतरलो तर तिथं उभी असलेली माणसं बाजूला झाली. भाऊ दोनच्या सुमाराला गेला होता. मी भाकरीवर झुणका वाढून घेत होतो तेव्हा.

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला झोपवत नाहीत. बसवतात. मी घरात शिरलो तेव्हा त्याला भिंतीशी मांडी घालून बसवलं होतं. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग, मान पडू नये म्हणून हनुवटीखालून धोतराची पट्टी घेऊन मागं खुंटीला बांधलेली. माणूस गेला असं म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. रडायचं नसतं. अव्वा रडत होती. अप्पा तिला म्हणत होते, "रडू नगं, त्येची वाट अडतीय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडं बघितलं. तिच्यातून वहीचं टोक बाहेर आलं होतं. ते काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नेलं. बांबूचं विमान केलं होतं, म्हणजे फुलांनी सजवलेली खुर्चीसारखी पालखी. त्यात तो बसलेला. पुढं भजन, टाळ, झांजा. मी पुढच्या दांडीला खांदा दिला होता, त्यामुळं वाटेत तो मला दिसला नाही, फक्त वजन कळत होतं. अप्पा विमानाला लागून चालत होते. आमच्याच शेतात, बांधाजवळच्या लिंबाखाली खड्डा घेतला होता. त्यात त्याला बसवलं, विभूती आणि बेल टाकला, मीठ टाकलं, माती लोटली. घरी येऊन आंघोळ केली आणि जेवलो.

आमच्यात सुतकही नसतं. जन्माचं नाही, मरणाचं नाही. शिवाला विटाळ नाही, मग त्याच्या माणसाला कुठून येणार, असं अप्पांनी आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्या संध्याकाळी ते जोंधळ्याला पाणी द्यायला गेले. मला म्हणाले, "शाळा हाय न्हवं उद्या? जा."

मी गेलो. शाळेत एक वयस्कर मास्तर होते, ते मला वर्गावर बघून दचकले. "अहो, दहा दिवस तरी..." म्हणाले. आमच्यात पाळत नाहीत, मी म्हणालो, आणि त्यांना पाठ करून फळ्यावर क्रियापदं लिहायला लागलो. एरवी मी या गोष्टीवर वाद घालून भल्याभल्यांना गप्प केलेलं आहे. पण त्या आठवड्यात मला कळलं की सुतक असलं की निदान दहा दिवस कोणीतरी सांगतं, तू काही करू नकोस, कोपऱ्यात बस. आम्हाला असं सांगणारं कोणी नाही. आम्ही लगेच बरे असतो.

मला दुःख होत नव्हतं. काहीच होत नव्हतं. पायाला मुंग्या आल्यावर तो आपला आहे हे हातानं चाचपून बघावं लागतं, तसं मी दिवसातून दोन-चार वेळा स्वतःला आठवण करून द्यायचो की भाऊ गेला. व्हय, गेला, असं उत्तर यायचं, बस्स. एकच गोष्ट मला हवी होती, ती म्हणजे अप्पांनी बोलावं. शिव्या द्याव्यात. तुला खेळ मोठा झाला होय रे, असं चारचौघांत विचारावं. शेजाऱ्यानं माझा निरोप जसाच्या तसा सांगितला असणार, हे मला ठाऊक होतं. अप्पा जोपर्यंत बोलत नव्हते तोपर्यंत मी त्या शाळेच्या फाटकाशीच उभा होतो.

शनिवारी नवीन पिक्चरची पेटी आली. मालक हळहळले, म्हणाले, रहने दो, मास्टर, इस बार. मीच करतो म्हणालो. दुपारी मशीनवाल्यानं पिक्चर चालवला. मी वही घेऊन बसलो. दिवे लागले तेव्हा वहीवर वरच्या कोपऱ्यात तारीख होती आणि खाली पान कोरं होतं. विनोदी आहे, एवढं जाहिरातीच्या चित्रावरून कळत होतं. वजनमाप खात्याचा एक इंग्रज इन्स्पेक्टर काउबॉयच्या गावात येतो, आणि त्याच्या पेटीत पिस्तुलं आहेत असं समजून सगळं गाव त्याला टरकतं. आमच्या बाजारातही वजनमापवाला आला की दुकानदार असेच पांढरे पडायचे, म्हणजे हशाला हशा होणारच होता. मी पुन्हा चालव म्हणालो नाही.

रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी दारातून उजेडाची तिरीप आली आणि अप्पा आत शिरले. डोक्याला रुमाल, खांद्यावर घोंगडी. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, मठात शिरताना काढतात तशा. टॉकीजमध्ये असं कोणी करत नाही. मग अंधारात चाचपत ते पुढं आले आणि तिसऱ्या बाकावर, खांबाशी बसले. ती जागा त्यांना कोणी दाखवली नव्हती. उजेडातून आलेल्या माणसाला सापडणारी तीच पहिली मोकळी जागा होती, एवढंच.

मला वाटलं, बघायला आले. ज्याच्यासाठी मी थांबलो ते काय आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले. आता बघतील आणि बोलतील.

पिक्चर सुरू झाला. मी सांगत होतो, पण आवाज फळ्यावरच्या क्रियापदांचा निघत होता. इन्स्पेक्टर दरोडेखोराचं पिस्तूल तराजूत घालतो आणि म्हणतो, हे अर्धा तोळा कमी भरतंय, दंड होईल. मी तेही सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. कोणी हसलं नाही. पहिला हसणारा नव्हता, आणि सांगणारा असा. लोक गंभीरपणे बघत होते. तासाभरात मी तो विनोदी पिक्चर दुःखाचा करून टाकला होता.

मग तो प्रसंग आला. दरोडेखोरांचा म्होरक्या जिन्यावरून पडून मरतो. तो मेला हे गावाला कळलं तर यांचं काही खरं नाही, म्हणून त्याची माणसं त्याला खुर्चीत बसवतात. डोक्यावर हॅट घालतात, दोरीनं पाठीशी बांधतात, आणि खुर्ची खांद्यावर घेऊन, पुढं बँड लावून गावातून फिरवतात. मागून एक जण सुतळी ओढतो आणि मेलेल्याचा हात वर होतो, सलाम केल्यासारखा. त्याच प्रसंगाला पुढं माझी मुलं कल्ला करून हसली.

आळंदच्या टॉकीजमध्ये एकदम शांतता झाली. बिड्या विझल्या. मेलेला माणूस, बसवलेला, बांधलेला, खांद्यावर, पुढं वाजंत्री. मागच्या बाकावरून कोणीतरी "शिव शिव" म्हणालं. तिसऱ्या बाकावर अप्पा उभे राहिले. त्यांच्या शेजारचा उभा राहिला. मग बाकं वाजली आणि निम्मी टॉकीज उभी राहिली, हात जोडून. बाकीच्यांनीही डोक्यावरच्या टोप्या काढल्या. पडद्यावरच्या मेलेल्यानं हात वर केला तेव्हा एका म्हाताऱ्यानं मान लववली.

मालक मागून माझ्याकडं बघत होते. मी खरं सांगायला हवं होतं, की हे हसायचं आहे, बसा. माझ्या हातात माईक होता.

"यांच्यातही बसवूनच नेतात," मी म्हणालो.

पडद्यावर खुर्ची हिंदकळली आणि प्रेत एका बाजूला घसरलं, हॅट नाकावर आली. टॉकीजभर "अय्यय्यो" झालं. आणि गर्दीच्या मागून तो इन्स्पेक्टर पेटी सांभाळत पळत येताना दिसला. खरं म्हणजे त्याला म्होरक्याच्या अड्ड्यावरचा तराजू तपासायचा असतो.

"हा थोरला भाऊ," मी माईकमध्ये म्हणालो. "याला निरोप मिळाला होता. हा वेळेवर निघाला नाही."

हे मी ठरवून म्हणालो नाही. तोंडातून निघालं, आणि मला ऐकू आलं ते पत्र्यावरून परत आलं तेव्हा. पुढं अर्धा तास मी काय सांगितलं ते मला सांगता येणार नाही. लोक बाहेर पडले तेव्हा काही बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मालक म्हणाले, "ऐसी तस्वीर थी क्या? मैं तो हँसने की समझा था."

अप्पा दाराबाहेर चपला घालत होते. आम्ही स्टँडजवळच्या हॉटेलात बसलो. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्याले. मी वाट बघत होतो.

"त्यांच्यातबी बसवत्यात व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

"बरं हाय." त्यांनी बशी ठेवली. मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "शेवटच्या दिवशी धाकटा गोष्ट सांगा म्हणायलता. अण्णा सांगतोय तसली. पिच्चरची."

मी माझा चहा ढवळत राहिलो.

"मला कुठं येतीय. मी आपली पांढऱ्या बैलाची सांगितलो, हिरीत पडलेल्या. ती त्येला ठावं व्हती. हसला न्हाई." त्यांनी धोतराच्या सोग्यानं मिशी पुसली. "कसं सांगत्यात ते बघून यावं म्हटलं. म्हणून आलतो."

बस लागली. ते खिडकीशी बसले आणि घोंगडी मांडीवर घेतली. मी खाली उभा होतो. मला शिव्या हव्या होत्या, आणि हा माणूस शिकायला आला होता. जे माझ्याकडून राहिलं ते आपल्याला का जमलं नाही, हे बघायला तो तासभर बसचा प्रवास करून आला होता. मी हे समजून घेतलं, आणि तरी मला काही वाटलं नाही. बस गेल्यावर मी खोलीवर जाऊन पेपर तपासले.

पुढच्या महिन्यात सुट्टीला गावी गेलो. दुपारी भाकरी खाल्ल्यावर अप्पा म्हणाले, "चल." आम्ही शेतात गेलो. लिंबाखालची माती थोडी खचली होती, तिच्यावर त्यांनी चार दगड ठेवले होते. जोंधळा कमरेएवढा झाला होता. अप्पा बांधावर बसले, दोर काढला आणि वळायला लागले.

"सांग त्येला," ते म्हणाले. "राहिलाय न्हवं."

"कुठला?"

"त्योच. वजनाचा."

मी मातीकडं तोंड करून बसलो आणि सांगायला लागलो. आधी लाज वाटली, मग तीही गेली. पेटी, पितळेची वजनं, रिकामी खाच, घाबरलेलं गाव. आवाज काढावेच लागले, कारण आवाजाशिवाय तो सांगू द्यायचा नाही. पिस्तूल तराजूत घातलं आणि अर्धा तोळा कमी भरलं, तिथं अप्पांच्या नाकातून आवाज आला. मी वळून बघितलं. ते हसले होते. दोर वळता वळता, मान खाली घालून, पण हसले होते.

मग म्होरक्या मेला. मी थांबलो. माणसांना माईकवर जे सांगितलं ते इथं सांगता येईना. भावाला मी कधी खोटा पिक्चर सांगितला नव्हता.

"त्यांच्यात बसवत न्हाईत, अप्पा," मी म्हणालो. "ते नाटक होतं. गावाला फसवायला बसवलं होतं. लोकांनी हसावं म्हणून दाखवलेलं. आणि तो मागं पळणारा त्याचा भाऊ नव्हता."

अप्पांचे हात थांबले. "त्यो खुर्चीतून घसरला, ते?"

"तेही हसायलाच."

"आपला न्हाई घसरला," ते म्हणाले. "वाटंत पट्टी ढिली झालती. मान मी धरलो व्हतो, मागून. गावापासनं इथपतोर."

मला तेव्हा ते चालताना दिसले. विमानाला लागून, एक हात वर करून. मी पुढं होतो, मला वाटलं होतं आधाराला धरलंय.

"शनिवारी बस होती, अप्पा," मी म्हणालो.

"ठावं हाय."

"मी यायला पाहिजे होतं."

"व्हय," अप्पा म्हणाले. "यायचं व्हतं."

हेच मला हवं होतं, आणि ते मिळालं. इथं मला रडू आलं असं लिहिलं तर चांगलं दिसेल. आलं नाही. वाऱ्यानं जोंधळ्याची पानं वाजत होती, आणि मी ती ऐकत बसलो. अप्पांनी दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि पुन्हा पीळ द्यायला सुरुवात केली.

"पुढं सांग," ते म्हणाले. "शेवट ऐकल्याबिगर त्येला झोप येत न्हवती."

मी पुढचं सांगायला लागलो.